दुसऱ्या रांगेवरच्या चादरी

११ जानेवारी

चिमट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच खणात टाकशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला आणि वर कारखान्याचा शिक्का मारला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. कामाचं पत्र आहे.

तू फोन उचलत नाहीस. सात वर्षांत मी किती वेळा केला ते सांगणार नाही, उगाच शेफारशील.

तर काम असं. टेकडीवर नवं प्रसूतिगृह होतंय, वीस खाटांचं. त्याच्या गच्चीवरचं सगळं काम आपल्याला मिळालंय. उन्हावर पाणी तापवणाऱ्या आठ पेट्या, चार-चारच्या दोन रांगा, मागे हजार लिटरची टाकी. शिवाय विजेची दहा पॅनलं. लशींचा फ्रिज, बाळांना ऊब देणारे दिवे आणि बाळंतिणींच्या खोलीतले पंखे त्या विजेवर चालायचेत. सध्या जुन्या इमारतीत गॅसवर पातेली चढवून बाळांना अंघोळी घालतायत. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी मला दंड दाखवला, पातेलं उतरवताना भाजलेला. म्हणाल्या, "तुमचं ते ऊन-बिन काय असेल ते लवकर आणा बाई."

पाण्याचं मला येतं, अप्पांना तर येतंच. काळा पत्रा तापतो, त्याला चिकटलेली तांब्याची नळी तापते, नळीतलं पाणी हलकं होऊन आपणहून टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली येतं. पंप नाही, तार नाही. अप्पा अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवतात, "पाण्याला ढकलायचं नसतं, त्याला वर जायची वाट ठेवायची." पण विजेचं काम निघालं की त्यांचं तोंड कडू होतं. वीज हा शब्दच काढत नाहीत. म्हणतात, "पाणी मी बघतो, ते दुसरं तू बघ." दुसरं का म्हणतात ते तुला सांगायला नको. तू घर सोडून त्या दुसऱ्याकडेच गेलास ना.

मला विचारायचं आहे ते एवढंच. जिन्याच्या खोलीची सावली दुपारी तीननंतर दहातल्या शेवटच्या दोन पॅनलांवर पडते. दोनच आहेत. चालेल का? दोनवर सावली म्हणजे आठांची वीज मिळेल असा माझा हिशेब. सोबत गच्चीचा नकाशा काढून पाठवतेय, हसू नकोस.

अप्पांचा हात बरा आहे. म्हणजे आहे तसा आहे. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. डाव्या हाताने लिहायला शिकलेत, अक्षर जिना चढल्यासारखं वर वर जातं. आई ठीक. कारखान्याच्या पाटीवर 'आणि चिरंजीव' होतं, त्यावर अप्पांनी पेट्यांचा काळा रंग फासला होता ना, तो अजून तसाच आहे. उन्हात पाटीला हात लावला तर बाकी पाटी कोमट लागते आणि तेवढाच तुकडा चटका देतो.

आणखी एक सांगून टाकते, म्हणजे तुला उत्तर लिहायला जड जाणार नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर तुझ्या हातून जे झालं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माणूस आहे, पेट्या झाकायच्या राहून जातात. मी तुला केव्हाच माफ केलंय. अप्पांचं अप्पांना माहीत.

सावलीचं तेवढं लवकर कळव.

ताई


२४ जानेवारी

चिमट्या,

उत्तर आलं! सात ओळींचं. वर 'ताई' नाही, खाली सही नाही, पण आलं. आईने पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि मग माझ्याकडे दिलं. मी विचारलं, "कसला वास येतोय?" तर म्हणाली, "धुळीचा. तिकडे फार धूळ दिसते." तुला सांगते, सात वर्षांत तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती, आणि तीसुद्धा धुळीवर.

माझा हिशेब साफ चुकला होता तर. पॅनलं एकामागे एक जोडली की वीज एकाच वाटेने जाते, आणि दोन पॅनलांवर सावली पडली की बाकी आठांची वाटही अडते. हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्या पेट्यांचं तसं नसतं, एक सावलीत गेली तर तेवढीच थंड राहते. तू सांगितलंस तशी पॅनलं पूर्वेच्या कडेला सरकवली, खालून वारा खेळायला वीतभर जागा ठेवली. आता कळलं की तुझ्या त्या पॅनलांना ऊन हवं असतं पण ताप सोसत नाही. तापली की वीज कमी देतात. लहानपणी तूही तसाच होतास, जरा अंग गरम झालं की कामातून गेलास.

अप्पांनी मला गच्चीवर पॅनलं हलवताना पाहिलं. म्हणाले, "कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "एका जाणकाराने."

"कुठला जाणकार?"

"लांबचा आहे."

ते गुडघे टेकून पॅनलाच्या खाली डोकावले, वारा जातो का ते डाव्या हाताने चाचपलं, आणि "बरोबर आहे" म्हणाले. बरोबर आहे! तुझं नाव न घेता का होईना, तुला बरोबर म्हणाले.

त्यांच्या मनात काय आहे तेही लिहिते. प्रसूतिगृहाचं पाणी चालू झालं की ते कामातून बाजूला होणार. कारखाना माझ्या नावावर करायचा कागद तयार आहे. आणि त्या दिवशी व्हॉल्व्ह मी उघडायचा. आपल्याकडे पहिलं पाणी कोण सोडतं ते तुला माहीत आहे. अप्पांच्या आधी त्यांचे उस्ताद, मग अप्पा, आता मी. म्हणजे सगळ्यांसमोर ठरलं की कारखाना माझा. नर्सबाईंनी अठ्ठावीस फेब्रुवारी ही तारीख दिलीय.

मला आनंद व्हायला हवा. होतोय. होतोच आहे.

तुझ्या पत्रातल्या सहा ओळी सावली आणि तारांच्या होत्या. सातवी तू लिहिलीस, "पेट्यांवरच्या चादरी पाणी भरेपर्यंत पेट्यांवरच असू द्या, कोणालाही काढून घडी घालून ठेवू देऊ नका." सल्ला योग्य आहे. लक्षात ठेवीन.

ताई


६ फेब्रुवारी

चिमट्या,

गेलं पत्र टाकल्यापासून तुझी सातवी ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्याला सल्ला म्हटलं. काय पण माणूस आहे मी! तू सल्ला दिला नव्हतास, मला आरसा दाखवला होतास, आणि मी त्यात बघून केस नीट केले.

आज कारखान्यात कोणी नाही, अप्पा आईला घेऊन डोळे तपासायला गेलेत. समोर आठ पेट्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, काचा अजून बसवायच्या आहेत. आज मी सगळं लिहिणार आहे, एका दमात, आणि पुन्हा वाचून बघणार नाही. वाचलं तर फाडीन.

रिकामी पेटी उन्हात उघडी ठेवायची नाही हे आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. आत पाणी नसलं की उष्णतेला जायला जागा नसते, पत्रा तापतच जातो, आणि मग त्यात पाणी सोडलं तर ते पाणी राहत नाही, वाफ होऊन सुटतं. म्हणून चादरी. म्हणून आपल्या घरातली एकही चादर धड नाही, प्रत्येकीवर काळ्या रंगाची बोटं. आई म्हणायची, "माझ्या संसारात बिछान्यापेक्षा गच्चीला जास्त पांघरुणं."

त्या दिवशी वसतिगृहाच्या गच्चीवर तू सकाळी नऊ वाजता सहाच्या सहा पेट्या झाकल्यास. मला माहीत आहे, कारण अकरा वाजता मी वर गेले तेव्हा सहाही झाकलेल्या होत्या. वसतिगृहाच्या बाई माझ्याबरोबर होत्या. त्यांना "काच कशी दिसते" ते बघायचं होतं. मी नुकती संसार मोडून माहेरी परत आले होते, अप्पांनी मला टेबल दिलं होतं, गिऱ्हाइकाशी बोलायचं काम दिलं होतं, आणि मला दाखवायचं होतं की हे मला जमतं. मी टाकीच्या पलीकडच्या शेवटच्या दोन पेट्यांवरच्या चादरी काढल्या. बाई वा वा म्हणाल्या. मी बोलता बोलता चादरींच्या घड्या घातल्या, कडा आत, चौकोनी, उशीच्या अभ्र्यात मावेल अशा. आईने मला शिकवलेली घडी, घरात दुसरं कोणी तशी घालत नाही. घड्या कठड्यापाशी ठेवल्या. खालून कोणीतरी ओरडलं की तुमचा फोन आहे. मी खाली गेले. आणि विसरले.

झालं एवढंच. तीन तास त्या दोन पेट्या उन्हात उघड्या राहिल्या. दोन वाजता तू व्हॉल्व्हपाशी होतास, तिथून टाकीच्या आड शेवटच्या दोन दिसत नाहीत. अप्पा वरच्या टोकाला हवा निघायची नळी हातात धरून उभे होते, तिथून पेट्यांची फक्त पाठ दिसते. त्यांनी हाक मारली, तू पाणी सोडलंस, आणि वाफ त्यांच्या हातावर आली.

त्यांनी तुला विचारलं, "झाकल्या होत्यास का?" तू म्हणालास, "हो." ते म्हणाले, "एक काम दिलं होतं, तेही नाही आणि वर खोटं." मी जिन्यात उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी त्यांच्या हातावर पाणी ओतत होते आणि मनात एकच, की आता हे मला घरातून काढतील.

ते दवाखान्यात गेल्यावर तू सामान गोळा करायला लागलास आणि कठड्यापाशी त्या दोन घड्या तुला दिसल्या. तू घडीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. तू जन्मात कधी चादरीची घडी घातली नाहीस, चिमट्या, तू बोळे करतोस. मी नजर वळवली. तू त्या घड्या पोत्यात सगळ्यात खाली टाकल्यास, वर बाकीच्या चादरी कोंबल्यास, आणि आठवड्याने निघून गेलास.

तू का बोलला नाहीस हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटतं मला माहीत आहे. तुला वाटलं, मला जायला जागा आहे, हिला नाही. सव्वीस वर्षांचा होतास. आणि मी, तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, सात वर्षं त्या टेबलावर बसून राहिले, अप्पांना औषधं लावत राहिले, गुणी मुलगी म्हणवून घेत राहिले.

आणि मी तुला लिहिलं की मी तुला माफ केलंय. लाज वाटते रे. पत्र परत मिळत असतं तर त्या ओळीसाठी तिथपर्यंत चालत आले असते.

मी अप्पांना सांगणार आहे. तू लिहिलंस म्हणून नाही. मला तो व्हॉल्व्ह उघडायचा आहे, आणि या हाताने असा उघडता येणार नाही म्हणून. आणि तू घरी यायला हवास म्हणून. ते सांगितल्याशिवाय तू येणार कसा?

ताई


१९ फेब्रुवारी

चिमट्या,

सांगितलं नाही अजून.

तुझं उत्तर नाही, ते बरंच. आता तू काही लिहिलंस तर मी त्याच्या मागे लपेन.

तीनदा ठरवलं. एकदा जेवताना तोंड उघडलं तर आईने विचारलं मीठ हवंय का. हो म्हटलं. आधीच पुरेसं खारट होतं, मुकाट्याने खाल्लं. दुसऱ्यांदा गच्चीवर टाकी चढवताना. चार माणसं दोर ओढत होती आणि अप्पा कठड्यावरून ओरडत होते, "पेट्यांच्या माथ्यापेक्षा टाकीचा तळ वर पाहिजे! दोन बोटं तरी वर!" तेव्हा मी "अप्पा, एक सांगायचंय" म्हटलं. त्यांना वाटलं मी उंचीत चूक काढतेय. पट्टी मागवून तीनदा मोजलं त्यांनी. मग मीच म्हटलं, बरोबर आहे. तिसऱ्यांदा काय झालं ते सांगत नाही, त्यात सबबही नव्हती. नुसती घाबरले.

तुझी पॅनलं मात्र लागली. काल तारा जोडल्या. पॅनलातून एकाच दिशेने वाहणारी वीज येते आणि फ्रिजला लागते ती वेगळी, मधल्या डब्यात ती बदलते, हे मी नर्सबाईंना इतक्या ऐटीत समजावलं की त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकवायला हव्या होतात." दिवा लागला. फ्रिज घुर्रर्र करून चालू झाला. सगळे टाळ्या वाजवत होते, अप्पा सोडून. ते मीटरचा आकडा बघत उभे होते. खाली उतरताना मला म्हणाले, "त्या जाणकाराला कळव, दुपारी चारपर्यंत आकडा पडला नाही." म्हणजे कळवलं.

आईने काल पेट्यांसाठी चादरी काढून दिल्या. सात दिल्या. मी म्हटलं, "आठ पेट्या आहेत." ती कपाटापाशी उभी राहिली. मग तुझ्या खाटेवरची निळ्या चौकड्यांची चादर काढली. सात वर्षं ती धुऊन परत त्याच खाटेवर घालते, गच्चीवर कधी जाऊ दिली नाही. म्हणाली, "हिला रंग लागू देऊ नकोस." आणि स्वयंपाकघरात गेली.

बस झालं. अठ्ठावीसला सकाळी सात वाजता आम्ही पाणी भरणार. व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी मी सांगणार, तिथेच, गच्चीवर. ही माझी शेवटची तारीख. बॅग भरून कॉटखाली ठेवलीय. अप्पा जा म्हणाले तर मी जाईन, पण पाणी भरून झाल्यावर. बाळांनी काय घोडं मारलंय.

ताई


३ मार्च

चिमट्या,

सांगितलं.

सात वाजता गच्चीवर आम्ही दोघंच होतो. बाकीचे खाली नळ तपासत होते. आठही पेट्यांवर चादरी, दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या पेटीवर तुझी. अप्पा एकेक चादर हाताने दाबून बघत गेले, हे ते आता प्रत्येक कामावर करतात, दोनदा करतात. मग व्हॉल्व्हपाशी येऊन बाजूला झाले. "चल. तुझा मान."

मी म्हटलं, "अप्पा, वसतिगृहाच्या शेवटच्या दोन पेट्यांवरच्या चादरी मी काढल्या होत्या."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा सांगितलं. मग सगळं सांगितलं, बाई, फोन, घड्या, पोतं. मी रडणार नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"त्याला माहीत होतं?"

"हो."

"तेव्हापासून?"

"त्याच दिवसापासून."

ते टाकीच्या चौथऱ्यावर बसले. उजवा हात मांडीवर पालथा टाकून त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. समोरच्या इमारतीच्या काचेवर ऊन आलं, मग आमच्या कठड्यावर आलं. तसे ते उठले आणि म्हणाले, "पहिल्या रांगेत पाणी सोड. ऊन चढेल. बाळांना पाणी हवंय."

म्हणून मी सोडलं. ते वरच्या टोकाला गेले नाहीत, तिथे आपल्या जुन्या जोडाऱ्याला खालून बोलावून उभं केलं. हवा निघाली, पाण्याची धार आली, त्याने हाक मारली, मी चादरी काढल्या. दुसऱ्या रांगेच्या व्हॉल्व्हकडे मी वळले तर अप्पा म्हणाले, "ती राहू दे." का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तीन वाजता नळाला गरम पाणी आलं. हात धरवेना इतकं गरम. नर्सबाई नळ सोडायच्या आणि बंद करायच्या, सोडायच्या आणि बंद करायच्या, शेवटी मीच म्हटलं, "अहो, संपेल!" मग आपली पहिली बादली काढली. तुला आठवतं ना, पहिली बादली गिऱ्हाइकाला द्यायची नाही, काम केलेल्या सगळ्यांनी तिच्यात हात धुवायचे. जोडाऱ्याने धुतले, मदतनिसांनी धुतले, मी धुतले. अप्पा लांब उभे होते. जोडारी म्हणाला, "या ना, मालक." ते म्हणाले, "सगळे हात आले नाहीत अजून." आणि जिना उतरून गेले.

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाना दे, पत्रा धर. कारखान्याच्या कागदाचं नाव नाही. बॅग मी अजून रिकामी केली नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, पस्तीस वर्षांत घातला नव्हता एवढ्या जोराचा, आणि मग मला जवळ घेऊन बसली. म्हणाली, "दोघंही मूर्ख आहात. तो बोलला नाही म्हणून, आणि तू बोलली नाहीस म्हणून." मग विचारलं, "आता येईल ना तो?"

मी तिला काय सांगू? तू मला सांग.

मला तुझ्याकडून माफी नको. म्हणजे हवी आहे, पण मागणार नाही, तो माझा हक्क नाही. मला एवढंच हवंय की तू घरी यावंस आणि कोणाकडे न बघता जेवायला बसावंस.

ताई


८ मार्च

चिमट्या,

आज सकाळी कारखान्यात गेले तर दारात शिडी, आणि शिडीवर अप्पा. डाव्या हातात पत्रा खरवडायची पट्टी. पाटीवरचा काळा रंग खरवडत होते. मी शिडी धरली. तो रंग निघेना. निघणार कसा, उन्हात भाजून घट्ट बसावा म्हणूनच त्यांनी स्वतः बनवलेला. तास-दीड तासाने निघाला, तर त्याच्याबरोबर खालची अक्षरंही निघून आली. आता तिथे नुसता कोरा पत्रा आहे. पाटी रंगवणारा दुपारी येऊन विचारून गेला की इथे काय लिहू. अप्पा म्हणाले, "ठरायचं आहे. थांब."

खाली उतरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी बॅग आईने उपसून कपाटात लावलीय. पुन्हा भरू नकोस." गेल्या आठ दिवसांत कामाशिवाय बोललेलं हे पहिलं वाक्य. मी मान हलवली. मला माहीत आहे की सगळं मिटलं नाही. मिटायला वेळ लागेल आणि मी कुठे जाणार नाही.

प्रसूतिगृहात सध्या दहा खाटा चालू आहेत, त्यांना पहिली रांग पुरते. पंधरा तारखेला उरलेल्या दहा चालू होतील, तेव्हा दुसरी रांग लागेलच. नर्सबाई रोज विचारतात, "त्या चार पेट्या अजून पांघरून का ठेवल्यात?" मी सांगते, एका माणसाची वाट बघतोय. त्या म्हणतात, "मग त्याला म्हणावं, बाळं कोणासाठी थांबत नाहीत." तेरा तारखेपर्यंत तू आला नाहीस तर चौदाला सकाळी मी पाणी भरीन, हेही तुला स्पष्ट लिहिते. तुझ्यासाठी मी कितीही थांबेन, पण बाळांची अंघोळ थांबवणार नाही. तुला ते पटेल.

पत्र बंद करणार होते, तर अप्पांनी हात पुढे केला. आता कागद त्यांना देतेय. खालचं त्यांचं असेल. मी वाचणार नाही, लिहून झाल्यावर स्वतःच पाकिटात घालीन म्हणालेत.

ताई


चिमट्या,

अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

तू हो म्हणाला होतास. मी पुन्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी.

चादरी मी रोज सकाळी जाऊन बघतो. चारही जागेवर आहेत. तुझ्या चादरीला रंग लागलेला नाही.

तू व्हॉल्व्हपाशी उभा राहा. वरच्या टोकाला नळी धरून मी उभा राहीन. हवा निघाली की हाक मारतो.

अप्पा